पेटी उघडली की कुकर बंद

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत ज्या घरी हार्मोनियम आहे, त्या घरातल्या बायका मला नावाने ओळखत नाहीत. "कुकरवाले काका आले," असं म्हणतात. मी हार्मोनियम दुरुस्त करतो, कुकर नाही. पण माझा एक नियम होता आणि तो मी कुणासाठीही कधी सैल केला नाही. पेटी उघडली की कुकर बंद. मिक्सर बंद, टीव्ही बंद, मे महिन्यात पंखासुद्धा बंद. पण पहिला मान कुकरचा. नांदेडच्या एका घरी तर मी जायच्या आधीच डाळ-तांदळाचं भांडं शेजारी रवाना व्हायचं. "काका, वरण शेजारणीकडं शिजून राहिलं, तुम्ही निवांत वाजवा," असं त्या बाई दारातच सांगायच्या.

कारण सांगतो. पेटी जुळवणं हे काम हाताचं दिसतं, पण असतं कानाचं. पेटीच्या आत पितळेच्या बोटभर लांबीच्या पट्ट्या असतात. भात्याची हवा लागली की त्या थरथरतात आणि वाजतात. आमच्या धंद्यात त्या पट्टीलाच सूर म्हणतात. दोन सूर जवळजवळ जुळत आले, पण पुरते जुळले नाहीत, की त्यांच्यात एक लाट उठते, वाँव-वाँव-वाँव. आपण जसजसं जवळ जाऊ तसतशी ती लाट लांबत जाते आणि शेवटी विरते. ती विरताना ऐकायची, एवढंच आमचं काम. आणि नेमकी त्याच वेळी स्वयंपाकघरातून शिट्टी येते. शिट्टी गेली तरी ती कानात पाच मिनिटं मुक्काम करते. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सूर चढवायचा असेल तर पट्टीचं टोक खरवडायचं, उतरवायचा असेल तर मूळ. केसभर. आणि एक गोष्ट वाचकांनी इथेच लक्षात ठेवावी, कारण पुढे लागणार आहे. खरवडलेलं पितळ परत येत नाही. लाकूड जोडता येतं, भात्याचं चामडं बदलता येतं, पण सूर दर वेळी थोडा झिजतो. चांगला कारागीर म्हणजे कमीत कमी खरवडणारा, अशी माझ्या उस्तादांची व्याख्या होती.

उस्ताद म्हणजे खलीलचाचा. नांदेडच्या जुन्या गावात त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एका बाजूला कव्वालांच्या पेट्या, दुसऱ्या बाजूला भजनी मंडळांच्या, आणि मध्ये कीर्तन करणाऱ्या शीख रागींच्या. चाचांना तिघांचं शास्त्र ठाऊक होतं. कव्वालाची पेटी आवाज बाहेर फेकणारी हवी, भजनातली पेटी टाळांच्या गोंगाटात टिकणारी हवी, आणि रागींची पेटी गळ्याला चिकटून चालणारी. "लकडी झूट बोलती, पालिश झूट बोलती, पितल नै बोलता," असं ते म्हणत. अकरावी नापास झाल्यावर मी त्यांच्याकडे बसलो तो उठलोच नाही.

शेवटच्या आजारपणात चाचांनी मला उशाजवळ बोलावलं आणि चुन्याची एक रिकामी डबी हातात दिली. आत कापसात एक जर्मन सूर होता, अगदी वरच्या पट्टीतला, बारीक. तोंडाला लावून फुंकला तरी वाजणारा. "रोज सबेरे इसकू सुन," म्हणाले. "जिस दिन ये नै सुनाई दिया, दुकान का शटर नीचे. समझा?" मी हो म्हटलं. त्या वयात सगळ्यालाच हो म्हणता येतं. ती डबी मात्र तेव्हापासून माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. रोज सकाळी चहाच्या आधी फुंकायची, ऐकायची, परत ठेवायची. बायको म्हणायची, लोक देवाला घंटा वाजवतात, हे पिपाणी वाजवतात.

आता धंद्यातली गंमत सांगतो. लोकांना वाटतं, पेटीतून फक्त गाणं निघतं. पेटीच्या पोटातून काय काय निघतं ते आम्हाला विचारा. पट्ट्यांच्या फटीतून वर्षभर जे पडतं, ते आत साठून राहतं. साबुदाण्याचे दाणे निघाले की ओळखावं, एकादशीला या घरी भजन असतं. अक्षता आणि हळद निघाली तर लग्न किंवा डोहाळजेवण. वाढदिवसाच्या मेणबत्तीचं मेण, बारशाच्या घुगऱ्यांतला वाळलेला हरभरा, बेदाणा, गुलाल. अर्धापूरच्या एका केळीवाल्याच्या पेटीतून मूठभर वेफर निघाले होते. ते गृहस्थ गाताना खायचे की खाताना गायचे, हे मला कळलं नाही. पण पेटी तेलानं न्हायली होती. मी त्यांना म्हटलं, "मालक, दोन्हीपैकी एक धरा." ते म्हणाले, "मग तर मजाच गेली की हो सगळी." मी पेटी पुसून दिली.

नांदेडला एक निवृत्त तलाठी होते. त्यांना पेटीवर एकच चाल वाजवता यायची आणि तीही वर्षातून एकदाच, बायकोच्या वाढदिवसाला. पण त्याआधी आठवडाभर मला फोन. "काका, पेटी बघून जा, उगं ऐन वेळी सूर बसला म्हंजी?" मी जायचो. पेटीला काहीही झालेलं नसायचं. वर्षभर बंद असलेली पेटी बिघडणार तरी काय? मग मी उगाच भाता हलवायचो, दोन पट्ट्या पुसायचो. त्यांच्या घरी तहरी, म्हणजे आमच्याकडचा मसालेभात, फार छान व्हायची. ती खाऊन यायचो. एकदा मी त्यांच्या बायकोला विचारलं, दरवर्षी तीच चाल ऐकून कंटाळा नाही येत का. त्या म्हणाल्या, "चाल तीच हाय, पण दरसाली नव्या जागी चुकतात. यंदा कुठं चुकतेत ते बघायचं." असल्या संसाराला काय म्हणावं? मला तर हेवाच वाटला.

शहरात राहून लोक रुक्ष होतात असं पेपरात वाचतो. मला चाळीस वर्षांत तसं दिसलं नाही. मी माणसांना बघितलं ते पेटी उघडी असताना. तेव्हा माणूस ऑफिसातला राहत नाही, दुकानातला राहत नाही. शिकवणीच्या क्लासांच्या पाट्यांनी लातूरचे रस्ते झाकले गेलेत. पण त्या पाट्यांमागच्या गल्ल्यांत सोमवारी संध्याकाळी पाचला टाळ वाजतात, आणि भजन संपलं की मुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या वाट्या फिरतात, वर शेव आणि लिंबू.

लातूरला मी दर महिन्याला जायचो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी पोचवायची. तिथलं माझं हक्काचं घर महानंदाताईंचं. दाल मिलमध्ये कारकुनी केलेल्या नवऱ्याचं छोटं घर आणि त्यात वडिलांनी दिलेली मोठी पेटी. उदगीरला त्यांचे वडील शिवभजनं म्हणायचे; लेकीच्या लग्नात त्यांनी कपाटाऐवजी स्वतःची पेटी पाठवली. अस्सल जर्मन सुरांची. तसे सूर आता मिळत नाहीत. महानंदाताई त्या पेटीवर कॉलनीतल्या बायकांचं भजनी मंडळ चालवतात. स्वतः गात नाहीत, फक्त वाजवतात. गाणाऱ्या विजयाताई, शेजारच्याच, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. महानंदाताई लिंगायत, विजयाताई ब्राह्मण. एकीच्या घरी लसूण-शेंगदाण्याची चटणी, दुसरीकडे मेतकूट-भात, आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही.

विजयाताईंचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला तो शेतात. लातूरच्या येळवशीबद्दल बाहेरच्यांना सांगावं लागतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं शहर शेतात जातं. दुकानं बंद, रस्ते ओस, आणि ज्यांना शेत नाही त्यांना कुणाचं ना कुणाचं बोलावणं असतंच. ताज्या शेंगा, पालेभाज्या आणि बेसन घालून शिजवलेली भज्जी, मडक्यातली गार आंबिल, बाजरीचे उंडे. त्या वर्षी महानंदाताईंच्या दिराच्या शेतात मंडळाच्या बायका गेल्या, पेटी गेली, आणि पेटीबरोबर मीही. जेवणं झाली आणि चिंचेखाली विजयाताईंनी आवाज लावला. वरच्या सा ला पोचल्या आणि तिथे थांबल्या. ना भिंत, ना माइक. बाजूच्या शेतातली माणसं हातातला घास थांबवून बघायला लागली. पेटी आणि गळा यांच्यात लाट म्हणून नव्हती. आपण जुळवलेल्या पेटीवर असं गाणं व्हावं, याहून मोठं बक्षीस मला कधी मिळालं नाही. आणि त्या दिवशी मी आंबिल जरा जास्तच प्यायलो.

हे सगळं सांगितलं ते कौतुकासाठी. आता स्वतःचं सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या एका वर्षात महानंदाताईंनी मला पेटीसाठी तीनदा बोलावलं. चांगल्या पेटीला दोन वर्षांतून एकदा हात लावला तरी पुरतो. पहिल्यांदा म्हणाल्या, "दादा, वरचं जरा बघा." मी बघितलं, वरचे सूर थोडे चढवले, दिलं. चार महिन्यांनी पुन्हा, "वरचंच जरा." मी हसून म्हटलं, "ताई, पेटी म्हातारी नाही झाली, तुम्ही झालात." त्याही हसल्या. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मला रागच आला. एसटीत बसल्या बसल्या मनात म्हणत होतो, या बाईला संशयाचा रोग झालाय.

सकाळी दहाला पोचलो. सतरंजी घातलेली होती. पंखा बंद, टीव्ही बंद. मी पेटी उघडली, सुरांची फळी काढली आणि वरच्या सुरांना बसलो. ताई स्वयंपाकघरात होत्या. तास-दीड तास काम केलं. वरचा सा मनासारखा लागला, मी स्वतःवर खूश झालो. हात धुऊन आलो तर पान वाढलेलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, शेपूची भाजी, शेंगापोळी, आणि वाटीत वरण. वाफाळलेलं.

मी म्हटलं, "वा, वरण गरम! शेजारणीकडं शिजवलं का?"

"न्हाई. हितंच."

"इथंच? कुकर कधी लावला?"

ताई पाटासमोर बसल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही वरचा सा लावून राहिले होते तवा. तीन शिट्ट्या झाल्या, दादा."

मी वळून बघितलं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. कुकर तिथून दिसत होता, दहा-बारा पावलांवर.

"मी मुद्दाम लावला," त्या म्हणाल्या. "एका शिट्टीला तुम्ही ओरडणार ह्या आशेवर लावला. पंचवीस वर्षं ओरडलात. म्हटलं, आज बी ओरडा बाबा. दुसरी झाली, मग तिसरी झाली. तुमची मान बी हलली न्हाई."

"कामात होतो."

"काम तर मागं बी करत होतात."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण त्यांनी हात वर केला. मग जे बोलल्या ते असं. "वर्ष झालं, वरचे सूर चढून राहिले. आम्ही बोललो न्हाई. तुम्हाला कसं बोलावं? बायका आपल्या आवाज वर ओढून गात राहिल्या. पण विजयाताईंनी गाणं सोडलं. दोन महिने झाले, येतात, टाळ घेऊन बसतात. म्हणतात, माझा आवाज गेला, वरचा सा पोचत न्हाई आता, वय झालं. घरी जाऊन रडल्या, सूनबाईनं सांगितलं. परवा त्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस हाय. दादा, आवाज त्यांचा गेला न्हाई."

त्यांची नजर माझ्या कानावर होती.

त्यावर मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी उठलो. हत्यारं पिशवीत कोंबली, फळी तशीच पेटीत बसवली आणि चपला घातल्या. "दुसरा कारागीर बघा," म्हणालो. वाढलेल्या पानावरून उठून गेलो. आमच्याकडे वैऱ्याच्या घरीसुद्धा असं कुणी करत नाही. ताई दारापर्यंत आल्या, पण अडवलं नाही.

एसटीत खिडकीशी बसून मी मनातल्या मनात भांडत होतो. हिला काय कळतं? खलीलचाचांचा चेला आहे मी. चाळीस वर्षं या कानावर पोट भरलं. चाकूरला गाडी थांबली तेव्हा चहा प्यायला उतरलो आणि ठरवलं की आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लावायचा. खिशातली डबी काढली, चाचांचा सूर ओठाला लावला आणि फुंकला. ऐकू आला. स्वच्छ, बारीक, सरळ रेघेसारखा. मी जिंकलो! चहाच्या टपरीवरच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना ऐटीत म्हटलं, "ऐकलंत? जर्मन सूर आहे."

त्या म्हणाल्या, "काका, आवाज कुठं आला? नुसतं फूऽऽ फूऽऽ करून राहिलात तुम्ही."

मी सूर उजेडात धरला. डबीतल्या कापसाचा धागा पट्टीच्या फटीत अडकून बसला होता. पट्टी हलणंच शक्य नव्हतं. सूर वाजलाच नव्हता, आणि मी तो ऐकला होता.

किती दिवस तसं चाललं होतं, देव जाणे. रोज सकाळी मी फुंकत होतो आणि आठवणीतला सूर ऐकत होतो. महानंदाताईंची पेटीही मी तशीच लावली होती. जे ऐकू येत नव्हतं ते मनानं भरून काढलं, आणि वरचे सूर चढवत नेले. माझ्या त्या चढवण्यापायी एक पंच्याहत्तर वर्षांची बाई आपला गळा गेला म्हणून रडत होती. त्या टपरीच्या बाकड्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. माझी एसटी निघून गेली. बाईंनी न मागता दुसरा चहा दिला आणि विचारलं, "कुठं जायचं होतं?"

मी म्हटलं, "लातूरला." आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसलो.

पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दार उघडंच होतं. माझं पान तिथेच होतं, वर दुसरं ताट झाकलेलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "बसा. वरण गरम करते. मी बी अजून जेवले न्हाई." मी जेवलो. माफी मागायची होती, पण मी नुसती भाकरी मोडत राहिलो. तेव्हा त्याच म्हणाल्या, "मीठ बरोबर हाय का?" मी हो म्हटलं. डोळ्यांतलं पाणी चटणीच्या नावावर खपवलं.

जेवण झाल्यावर पेटी पुन्हा उघडली. मी म्हटलं, "ताई, इथं बसा. मी खरवडतो, तुम्ही ऐका."

"मला काय येतंय त्यातलं?"

"लाट ऐका. आहे की नाही, एवढंच सांगा."

मग सुरू झालं. मी मूळ खरवडायचो, भाता द्यायचो. त्या डोळे मिटून सांगायच्या, "हाय... हाय... अजून हाय... आता लांबून राहिली... गेली." त्या "गेली" म्हणाल्या की त्यांच्या चेहऱ्यावरची आठी जायची. ती आठी बघत मी पुढचे सूर लावले. इतकी वर्षं मी कामात असताना ही बाई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तिचा कान माझ्याहून तयार होता, आणि मला पत्ता नव्हता.

वरचा सा मात्र शेवटी ठेवला होता. वर्षभरात तीनदा टोकाकडून खरवडलेला, आता मुळाकडून. मी कानस टेकवली, एकदा ओढली, आणि पट्टी मुळातून तुटली. आवाजसुद्धा झाला नाही. झाला असेल तर मला आला नाही.

ताई पांढऱ्या पडल्या. त्यांच्या वडिलांचा सूर. मी तुटका तुकडा तळहातावर घेऊन बसलो. नव्या बाजारी सुरानं जागा भरली असती, पण जुन्या जर्मन सुरांत तो वेगळा पडला असता, लग्नाच्या पंगतीत चुकून बसलेल्या परक्यासारखा. मग मी खिशातली डबी काढली. कापूस फेकून दिला. चाचांचा सूर जवळपास त्याच जागेचा होता, थोडा उतरवावा लागणार होता. चाचांनंतर त्याला कुणी कधी कानस लावली नव्हती.

"हे तर तुमच्या उस्तादांचं," ताई म्हणाल्या.

"हो. ऐकायला दिलं होतं. ऐकायचं काम आता तुम्ही करताय, तर तुमच्याकडंच राहू द्या."

तो बसवला. कानशीचे दोन हात दिले. ताई डोळे मिटून बसल्या होत्या. "हाय... लांबली..." मी वर बघितलं तर त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता. मला उत्तर मिळालं.

वाढदिवसाला मी थांबलो. विजयाताईंच्या इमारतीच्या गच्चीवर सतरंज्या, औक्षणाची पंच्याहत्तर निरांजनं, पुरणपोळी, आणि सुनेनं आणलेला केकही. गाणं सुरू व्हायच्या आधी मी विजयाताईंजवळ गेलो आणि सगळं सांगितलं. कान माझा गेला, गळा तुमचा नाही. त्या शिक्षिका होत्या. पोराच्या चुकीच्या गणिताकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "अहो, मग एवढे महिने मी ज्येष्ठमधाचा काढा पिते आहे, तो फुकटच की!" आणि हसल्या. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "खरं सांगू? बरं वाटलं हो." मग महानंदाताईंनी सूर धरला, आणि विजयाताई वरच्या सा ला गेल्या. पहिल्यांदा जरा बिचकल्या, काठावरून पाय खाली सोडावा तशा. आणि मग तिथे उभ्या राहिल्या. मला तो सूर पुरता ऐकू आला नाही. पण गच्चीवरच्या बायकांचे टाळ थांबले, केकची बशी घेऊन चाललेली सून तिथेच थबकली, आणि महानंदाताईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. येळवशीच्या शेतात हेच झालं होतं. तेव्हा मी ऐकलं होतं, आता बघितलं.

नंतर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आलेख काढून दाखवला. उजवीकडे, म्हणजे वरच्या सुरांकडे, रेघ उतारावरून घसरलेली. वयोमान, म्हणाले. यंत्र दिलं. बोलणं त्यातून नीट ऐकू येतं, पण पेटी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते, म्हणून कामाच्या वेळी काढून ठेवतो. मोबाइलवर सूर दाखवणारं ॲपही घेतलं. त्याला पूर्वी नावं ठेवली होती, ते शब्द आता मुकाट्यानं गिळतो. काट्याला काटा जुळतो. पण शेवटचा केसभर फरक माणसाच्या कानाशिवाय जात नाही, असं माझं मत आहे आणि ते मी मरेपर्यंत सोडणार नाही. म्हणून आता ज्या घरी जातो तिथे आधी विचारतो, घरात कान कुणाचा चांगला? आश्चर्य वाटेल, प्रत्येक घरात कुणीतरी निघतंच. कुठे सून, कुठे आजी, आणि अर्धापूरला तर ते वेफरवाले मालक स्वतः. त्यांना समोर बसवतो, फक्त खायचं काही हाती देत नाही. तलाठ्यांच्या बायकोलाही बसवलं. त्या म्हणाल्या, "आता चुकले तर पेटीवर ढकलता यायचं न्हाई त्यांना."

चाचांनी सांगितलं होतं, ऐकू आलं नाही त्या दिवशी शटर खाली. मी त्यांचं पूर्ण ऐकलं नाही. अर्धं खाली ओढलंय. नवीन पेट्या घेत नाही, जुन्या गिऱ्हाइकांच्या तेवढ्या करतो. वर भेटतील तेव्हा शिव्या घालतील, त्या तरी नीट ऐकू येवोत.

गेल्या महिन्यात लातूरला गेलो होतो. सतरंजी घातलेली, पंखा बंद. मी पेटी उघडली. ताई शेजारी येऊन बसल्या. पण बसण्याआधी आत जाऊन कुकर लावून आल्या. आता नियम असा आहे. आम्ही वरच्या सुरांवर होतो. त्या डोळे मिटून ऐकत होत्या आणि मधूनच बोट वर करत होत्या. एक. थोड्या वेळानं दोन. मी खरवडत राहिलो. मग त्यांनी तिसरं बोट वर केलं, डोळे उघडले आणि म्हणाल्या, "गेली लाट. शिट्ट्या बी झाल्या, दादा. उठा, जेवून घ्या."

मी पेटी मिटली आणि पानावर बसलो.